९.८ आलं नाही, म्हणून रीडिंग बदलायची?

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला असलेल्या मुलीचं हे पत्र. साध्या दोलकावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे जी, काढायचं प्रॅक्टिकल होतं. चौघांच्या ग्रुपमध्ये रीडिंग हिनेच घेतली. दोऱ्याची लांबी मीटरपट्टीने मोजली आणि दर लांबीला २० दोलनांची वेळ तीनदा घेऊन सरासरी काढली. ४० सेंमीला २५.९ सेकंद, ५० ला २८.८, ६० ला ३१.५, ७० ला ३४.० आणि ८० ला ३६.३. त्यावरून जी आला ९.४२, ९.५२, ९.५५, ९.५६ आणि ९.५९. सरासरी ९.५३. ग्राफची रेघही ओरिजिनमधून, म्हणजे शून्यबिंदूतून, गेली नाही. सर म्हणाले, "९.८ यायला हवं. रीडिंग नीट करून आण, मग सही करतो." पार्टनरने ९.७९ धरून उलटं गणित केलं, टेबल भरलं आणि त्याच तासाला सही घेतली. आईचं म्हणणं, सगळे करतात तसं कर, मार्क महत्त्वाचे. मुलगी विचारते: "खरं लिहून मार्क घालवू की खोटं लिहून मोकळी होऊ? आणि माझं चुकलं कुठे, हे कुणीच का सांगत नाही?"

प्रिय मुली,

पत्रातलं शेवटचं वाक्य तू जाता जाता लिहिलं आहेस, पण मी तिथूनच सुरुवात करणार आहे. ते सुटलं की पहिल्या प्रश्नातला बराचसा पेच आपोआप सैल होतो.

पत्रात आकडे पाठवलेस हे फार बरं केलंस. बहुतेक जण नुसतं "उत्तर चुकलं" एवढंच कळवतात. आता तुझा जी चा रकाना वरून खाली वाच. ९.४२, ९.५२, ९.५५, ९.५६, ९.५९. दोरा जसजसा लांब होतो तसतसा जी वाढतो आहे, आणि एकदाही मागे फिरत नाही. बटण दाबायला कमीजास्त वेळ लागला म्हणून असं होत नाही. तशी चूक कधी वर नेते, कधी खाली. हिशोबही करून बघू. स्टॉपवॉचमध्ये ०.१ सेकंद इकडेतिकडे झाला, तर ४० सेंमीच्या रीडिंगमध्ये जी जेमतेम ०.०७ ने हलतो. ९.४२ चा ९.७८ व्हायला तुझी वेळ जवळजवळ अर्ध्या सेकंदाने चुकायला हवी, आणि तीही तिन्ही वेळा एकाच बाजूला. इतकी तू नक्कीच ढिली नाहीस, कारण तुझे पाचही बिंदू एका सरळ रेषेला बऱ्यापैकी चिकटून बसतात. मी ग्राफ काढून पाहिला.

मग अशी कोणती चूक असते, जी आखूड दोऱ्याला जास्त आणि लांब दोऱ्याला कमी बाधते? दर वेळी तेवढीच राहणारी एखादी लांबी मोजायची राहून गेली, तर. ४० सेंमीत दीड सेंटिमीटर विसरणं मोठं, ८० मध्ये तेच निम्म्याने लहान. आणि तूच लिहिलं आहेस, "दोऱ्याची लांबी मोजली". जी काढायचं सूत्र आहे चार पाय-स्क्वेअर गुणिले एल, भागिले टी-स्क्वेअर. टी म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ. यातला एल म्हणजे नुसता दोरा नाही. टांगलेल्या बिंदूपासून बॉबच्या, म्हणजे दोऱ्याला लटकवलेल्या गोळ्याच्या, मध्यापर्यंतची लांबी म्हणजे एल. दोरा, अधिक हुक, अधिक बॉबची त्रिज्या.

आता ओरिजिन चुकवणाऱ्या त्या रेघेकडे ये. टी-स्क्वेअर उभ्या अक्षावर आणि तुझी लांबी आडव्या अक्षावर घेतली, तर रेघ उभ्या अक्षाला शून्याच्या थोडं वर, ०.०५ च्या आसपास छेदते. तीच रेघ मागे वाढव. लांबीच्या अक्षाला ती शून्याच्या डावीकडे साधारण १.३ सेंमीवर भेटेल. ही १.३ सेंमी म्हणजेच तुझी विसरलेली लांबी. शाळा-कॉलेजातले बॉब बरेचदा दोनेक सेंटिमीटर व्यासाचे असतात. त्रिज्या एक, वर हुकचे दोन-तीन मिलिमीटर. हिशोब जुळतो.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट अजून पुढेच आहे. लांबीत ठरावीक काहीतरी राहून गेलं, तर रेघ अख्खीच्या अख्खी बाजूला सरकते, पण तिचा चढ, म्हणजे स्लोप, बदलत नाही. तुझ्या बिंदूंवरून स्लोप ४.०५ येतो. चार पाय-स्क्वेअर, म्हणजे ३९.४८, याला ४.०५ ने भागलं की जी येतो ९.७५. एकही रीडिंग न बदलता! पडताळून बघायचं तर प्रत्येक लांबीत १.३ मिळवून जी पुन्हा काढ. ९.७२, ९.७७, ९.७६, ९.७४, ९.७४. चढत जाणारी रांग मोडली, आणि उरला तो नेहमीचा किरकोळ विखुरलेपणा.

अर्थात मी हे इथे बसून, तुझ्या आकड्यांवरून सांगते आहे. खात्री तुलाच करावी लागेल. लॅबमध्ये जाऊन व्हर्नियर कॅलिपरने, म्हणजे बारीक लांबी मोजायच्या सरकत्या पट्टीने, तोच बॉब मोज, झीरो एरर (काही न मोजताही दिसणारा फरक) बघून. हुकचीही लांबी घे. बेरीज १.३ च्या आसपास आली तर प्रश्न मिटला. ०.८ आली, तर उरलेले पाच मिलिमीटर कुठे गेले ते शोधावं लागेल. दोरा स्प्लिट कॉर्कमध्ये, म्हणजे वर तो धरून ठेवणाऱ्या चिरलेल्या बुचात, नीट आवळलेला होता का? पट्टीचा शून्य कॉर्कच्या खालच्या कडेला लावला होता की वरच्या? बॉब लटकवल्यावर दोरा ताणला गेला, आणि लांबी त्याआधीच मोजून ठेवली होती, असं तर नाही ना?

तू, सर आणि तुझा पार्टनर, तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे. ९.८ हे उत्तर आहे, आणि प्रयोग म्हणजे तिथे पोचायची वाट. आधी या ९.८ बद्दल. पृथ्वीवर जी सगळीकडे सारखा नाही. विषुववृत्तावर तो ९.७८ च्या जवळ आहे, ध्रुवांवर ९.८३. पुस्तकात दिसणारं ९.८०६६५ हे १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने व्यवहारासाठी ठरवून दिलेलं प्रमाण मूल्य आहे. साताऱ्याच्या अक्षांशाला आणि उंचीला जी ९.७८ च्या आसपास असतो. म्हणून उद्या कुणी जर्नलमध्ये साताऱ्यात बसून ९.८१ "आणला", तर मला कौतुक वाटणार नाही, शंका येईल.

दोलकाच्याच इतिहासातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. घड्याळ बिघडलं म्हणून त्याला गप्प बसता आलं असतं. त्याने लंबक किती आखूड करावा लागला ते मोजून लिहून ठेवलं. पुढे न्यूटनने आपल्या प्रिन्सिपिया या ग्रंथात याच निरीक्षणाचा आधार घेऊन पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे, हे मांडलं. रिशेने आकडे पॅरिसला जुळतील असे "नीट करून" आणले असते, तर न्यूटनच्या हाती काय लागलं असतं?

तुझी विसरलेली त्रिज्या म्हणजे काही पृथ्वीचा आकार नव्हे, हे मलाही कळतं. पण न जुळलेल्या आकड्यातच माहिती असते, एवढं दोन्हीकडे सारखं आहे. तुझ्या टेबलात बॉबची त्रिज्या दडलेली होती. पार्टनरच्या टेबलात काहीच नाही. त्याने ज्या आकड्यापासून सुरुवात केली, तोच आकडा त्याला परत मिळाला. आणि मार्कांच्याच भाषेत बोलायचं तर त्याचा हा सौदा तितकासा पक्का नाही. अशी जर्नल्स मी भरपूर पाहिली आहेत, ती ओळखू येतात. हाताने घेतलेल्या वेळा कधीच इतक्या गुळगुळीत नसतात, एल भागिले टी-स्क्वेअर तिसऱ्या दशांशापर्यंत सारखं येत नाही. ओरलला "बॉबची त्रिज्या किती घेतलीस?" असं कुणी विचारलं की संपलं. तुला तोच प्रश्न आला, तर तू पाच मिनिटं बोलू शकशील.

आता सरांबद्दल. तुझ्या पत्रात ते थोडे खलनायक झाले आहेत. एका तासात वीस-पंचवीस मुलांची बॅच, त्यातले निम्मे दोरा बांधण्यात अडकलेले, लॅब असिस्टंट एकच, आणि टर्म संपायच्या आत सगळी जर्नल्स सर्टिफाय करायची. ९.५३ दिसलं की "नीट करून आण" हे तोंडातून निघतं. त्याचा अर्थ "पुन्हा घेऊन आण" असाही होऊ शकतो की नाही? तू तो तसाच घे. त्यांच्या मनात दुसरं काही असलं, तरी तुझ्या हिताचा अर्थ हाच आहे.

त्यांच्याकडे जाताना "सर, मी खोटं लिहिणार नाही" असं म्हणत जाऊ नकोस. त्याने ते ओशाळतील नाहीतर चिडतील, आणि दोन्हींत तुझं काम अडेल. ग्राफ घेऊन जा आणि सरळ सांग: "सर, मी लांबी बॉबच्या मध्यापर्यंत घेतली नव्हती. ग्राफवरून १.३ सेंटिमीटरचा फरक दिसतोय. व्हर्नियरने बघून दोन लांब्यांची रीडिंग परत घेऊ का? दुसऱ्या बॅचच्या वेळी कोपऱ्यात उभी राहीन." हे ऐकून फिजिक्सचा माणूस "नको" म्हणेल, असं मला वाटत नाही. म्हटलंच, तर पुढच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी दहा मिनिटं लवकर जा आणि पुन्हा विचार.

तेव्हा खरं लिहून मार्क घालवायचे की खोटं लिहून सुटायचं, असे दोनच रस्ते तुझ्यापुढे नाहीत. मला तीन दिसतात. पहिला: मूळ टेबल तसंच ठेवायचं, शेजारी दुरुस्त लांबीचा रकाना वाढवायचा, आणि जी दोन्ही प्रकारे काढून फरकाचं कारण लिहायचं. माझ्या मते हा सर्वांत चांगला. दुसरा: बॉबची त्रिज्या धरून प्रयोग पहिल्यापासून करायचा आणि नवं टेबल जोडायचं. वेळ जास्त जातो, पण सर साधं-सरळ टेबल मागत असतील तर हाच बरा. यात खोटं काही नाही, आणि उत्तर ९.८ च्या जवळच येईल. जुन्या पानावर एक आडवी रेघ मारून "दोऱ्याचीच लांबी घेतली होती" एवढं लिही. पान फाडू नकोस, व्हाइटनर तर मुळीच लावू नकोस. तिसरा रस्ता: दोन्ही नाकारलं गेलं, तर ग्राफवरून काढलेला ९.७५ हाच निष्कर्ष म्हणून दे. तो तुझ्याच रीडिंगमधून आलेला आहे आणि कुठल्याही परीक्षकापुढे उभा राहील. जर्नल सर्टिफाय न होण्यापर्यंत प्रकरण ताणावं, असा सल्ला सोळा वर्षांच्या मुलीला मी देणार नाही. तशी वेळ येईल असं मला दिसतही नाही.

निष्कर्षात नुसतं ९.७५ लिहू नकोस, किती इकडेतिकडे तेही लिही. वेळेत ०.१ सेकंदाची चूक धर, बिंदूंमधून बसू शकेल अशी सगळ्यात उभी आणि सगळ्यात आडवी रेघ काढ, दोन्हींचे स्लोप घे. मला जी मध्ये साधारण ०.२ ची मर्यादा मिळते. म्हणजे ९.५५ ते ९.९५, आणि ९.७८ यात आरामात बसतो. "माझं उत्तर माझ्या अचूकतेच्या मर्यादेत मान्य मूल्याशी जुळतं" हे वाक्य "पर्सेंटेज एरर इतका-इतका" यापेक्षा कितीतरी वजनदार आहे, कारण ते म्हणताना आपली अचूकता किती, हे तू आधी मोजलेलं असतं.

हा भाग अशाच पेचात असलेल्या इतरांसाठीही. जर्नलच्या शेवटी "सोर्सेस ऑफ एरर" म्हणून जे लिहिलं जातं, ते पिढ्यान् पिढ्या तेच आहे: मानवी चूक, हवेचा विरोध, पंखा चालू होता. मानवी चूक म्हणजे नक्की काय? कुणी काय चुकवलं? प्रत्येक कारणाला तीन गोष्टी विचारा. त्याने उत्तर वाढतं की घटतं, साधारण किती, आणि माझ्या आकड्यांत ते दिसतं का. दोलकाचंच घ्या. झोका मोठा दिला तर दोलनकाल वाढतो: १० अंशांला फक्त ०.२ टक्के, २० ला ०.८, ३० ला १.७ टक्के. जी वर परिणाम याच्या दुप्पट, आणि घटण्याच्या दिशेला. धातूच्या बॉबवर हवेचा परिणाम या घड्याळाला जाणवणारही नाही, तेव्हा बिचाऱ्या हवेला सोडा. जी १०.८ च्या आसपास आला असेल, तर जवळजवळ नक्की मोजणीत घोटाळा आहे. बटण दाबताना "शून्य" न म्हणता "एक" म्हटलं, की वीसऐवजी एकोणीस दोलनं मोजली जातात, आणि जी जवळपास ११ टक्क्यांनी फुगतो.

सुधारणाही चुकीला धरून सुचवा. "अधिक अचूक उपकरण वापरावे" हे वाक्य मला कुठल्याही जर्नलमध्ये दिसलं की मी पान उलटते. या मुलीला हजारांश सेकंद मोजणारा महागडा टायमर दिला असता, तरी तिचा जी ९.५३ च आला असता, फक्त जास्त दिमाखात. तिला हवा होता एक व्हर्नियर. ज्यांचे बिंदू रेषेच्या वरखाली विखुरले आहेत त्यांना वेगळं सांगेन: २० ऐवजी ४० दोलनं घ्या, आणि बटण बॉब टोकाला असताना न दाबता मध्यातून जाताना दाबा. स्टँडमागे कागदावर उभी खूण केली की ती वेळ पकडता येते. टोकाला बॉब रेंगाळतो, तिथे नेमका क्षण सापडत नाही.

आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या मुलांचे पालकही मला विचारतात, "उत्तर चुकलं तर मार्क जाणार का?" तिथल्या सध्याच्या अंतर्गत मूल्यमापनात २४ गुण आहेत. आखणी, विदा-विश्लेषण, निष्कर्ष आणि मूल्यमापन, प्रत्येकी ६. पुस्तकातल्या आकड्याला नेम लागला म्हणून वेगळे गुण नाहीत. आपल्या बारावीला फिजिक्सच्या १०० पैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात. तिथे चौकट वेगळी आहे, सुटसुटीत आहे, पण टेबल, एकक, ग्राफ, हिशोब आणि ओरल यातून बाहेर कुणी जात नाही. त्यातलं एकही उलट्या गणिताने सुधारत नाही.

आईशीही बोल. तिचं म्हणणं मोडीत काढू नकोस, मार्कांची काळजी खोटी नाही आणि तुमच्या घरात ती करायची पाळी तिच्यावरच आहे. तिला ग्राफ दाखव. रेघ डावीकडे वाढवून १.३ कुठे येतं ते दाखव, आणि हेच लिहून सही मिळवायचा विचार आहे, असं सांग. सायन्स शिकलेली नसली तरी "दोरा मोजला, गोळा मोजायचा राहिला" हे तिला एका वाक्यात कळेल.

पार्टनरचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. सरांना सांगायला जाऊ नकोस. ते तुझं काम नाही, आणि अजून वर्ष-दीड वर्ष त्याच्याबरोबर एका टेबलावर काढायचं आहे. पुढच्या प्रयोगाला मात्र स्टॉपवॉच त्याच्या हातात दे आणि टेबल तू लिही. पेनाने, रीडिंग येईल तशी, थेट जर्नलच्या कच्च्या पानावर. आणि व्हर्नियरने बॉब किती भरला, ते मला नक्की कळव.